किरायाच्या खोल्या आणि दोन्हीकडचा अर्जनवीस

घर बांधून किरायानं द्यायचं मनात आलेले लोक अजून माझ्याकडं येतात. मी सतरंजी टाकतो, चहा होतो, आणि मग पाहुणा घसा खाकरून म्हणतो, "नाना, मांगच्या अंगनात दोन खोल्या काढाव्या म्हनतो. किरायानं देऊ. घरबसल्या पैसा. तुमचं काय म्हननं हाय?"

'घरबसल्या' हा शब्द ऐकला की मला हसू आवरत नाही. किराया घ्यायला माणसाला जितक्यांदा घराबाहेर पडावं लागतं, तितका आमचा पोस्टमनसुद्धा पडत नसेल. पण पाहुण्याचा हिरमोड नको म्हणून मी तसं बोलत नाही. बुलढाण्याच्या कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली लाकडी पेटी मांडून मी उभा जन्म काढला. अर्जनवीस म्हणजे लोकांचे अर्ज, जबाब आणि किरायाचिठ्ठ्या लिहून देणारा माणूस. वकील महाग, तलाठी मिजासखोर, म्हणून लोक माझ्याकडं यायचे. स्वतःची एक खोलीही मी कधी किरायानं दिली नाही, पण दुसऱ्यांच्या खोल्यांची इतकी भांडणं लिहिली, की एखाद्या घराचा नुसता ओटा पाहून मी तिथला तंटा कशावरून होईल ते सांगू शकतो.

पाहुण्याला मी पहिली गोष्ट सांगतो ती विहिरीची. खोल्या किती काढायच्या ते जागा पाहून ठरवू नका, पाणी पाहून ठरवा. एका रहाटावर तीन बायका पाणी भरतात तोवर त्या मैत्रिणी असतात, चौथी आली की माझ्याकडं गिऱ्हाईक येतं. दुसरी गोष्ट, नवा किरायेदार कसा आहे हे त्याच्या जुन्या मकानमालकाला विचारू नका. त्याला ती ब्याद घालवायची असते, तो माणसाची आरतीच ओवाळतो. विचारायचं ते शेजारणीला. आणि तिसरी, चिठ्ठीत सगळं लिहून घ्या. चुना कोणी लावायचा, कौलं कोणी चाळायची, आणि अंगणातलं झाड कोणाचं. हसू नका. शेवग्याच्या एका झाडावरून दोन सभ्य माणसांनी माझ्याकडून वर्षभर कागद लिहून घेतले. झाड मकानमालकाचं, फांद्या किरायेदाराच्या खिडकीवर, आणि शेंगा ज्याच्या हाताला लागतील त्याच्या. शेवटच्या तारखेच्या आधी वाऱ्यानं झाड आडवं झालं, आणि दोघंही माझ्याकडंच असे पाहू लागले, जसं काही मीच ते पाडलं.

पण चौथी गोष्ट सांगायची वेळ आली की मी जरा अडखळतो. किरायेदाराशी नातं लावू नये, ही ती गोष्ट. ती सांगायची म्हणजे किसनाजीबद्दल सांगावं लागतं आणि त्यात माझंही थोडं उघडं पडतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. नवी खाती, नव्या कचेऱ्या, आणि पुण्या-नाशकाकडून बदलून आलेले कारकून. त्यांना आमचं 'काऊन' ऐकून हसू यायचं, आणि आम्हाला त्यांचं 'का बरं' ऐकून. माणसं आली, पण राहायला खोल्या नव्हत्या. साखरखेर्ड्याच्या किसनाजीनं हे हेरलं. वांगी, मिरची, कांदा पिकवणारा माणूस, बोलायला मोकळा आणि हिशेबाला पक्का. बुलढाण्यात एक प्लॉट घेऊन तो माझ्याकडं आला.

"नाना, वांग्याले पानी द्या लागते, फवारा लागते, राखन लागते," तो म्हणाला. "खोलीले काय लागते? एक डाव लावली की दर महिन्याले तोडा."

"खोलीला किरायेदार लागतो, किसनाजी. आणि कायदा लागतो."

कायदा मी त्याला समजावून सांगितला, तो तुम्हालाही सांगतो. आमच्याकडं तेव्हा मकानमालक हा नावाचाच मालक. आपल्या मनानं किराया वाढवता येत नसे. किरायेदाराला ऊठ म्हणायचं तर आधी रेंट कंट्रोलच्या साहेबाची परवानगी, आणि परवानगीसाठी सबळ कारण. त्याहून कहर म्हणजे खोली रिकामी झाली की कचेरीला कळवायचं. साहेबाच्या मनात आलं तर तो आपला सरकारी नोकर त्यात आणून बसवणार. नवरी तुमच्या घरची, नवरदेव सरकार पाहणार.

किसनाजीनं ओळीनं बांधकाम काढलं. पहिल्या खोलीत दवाखान्यातला कंपाउंडर आला, त्याला सात लेकरं. दुसरीत पोलीस हवालदार आला. कोपऱ्यातलं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, त्यात एक मास्तर होते, ते वर्षभरात बदलून गेले आणि जागा रिकामी झाली. कचेरीला कळवायच्या ऐवजी किसनाजीनं गावाहून वाळल्या मिरचीची पोती आणून त्या दोन खोल्यांत भरली. मला म्हणाला, "आता रिकामी कुठं हाय? मिरची राहून राह्यली ना."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. कोणीतरी चुगली केली आणि रेंट कंट्रोलचे साहेब स्वतः पाहणीला आले. कारकून, शिपाई, मी आणि किसनाजी असे आत शिरलो. साहेबांनी विचारलं, "इथं कोण राहतं?" उत्तर द्यायला किसनाजीनं तोंड उघडलं आणि त्याला ठसका लागला. मग साहेबांना शिंक आली. मग शिपायाला. पाच माणसं डोळे पुसत अंगणात आली आणि साहेबांनी रुमालाआडून हुकूम सोडला, की मिरची आजच्या आज हलवा, उद्या इथं आमचा माणूस येईल.

तो माणूस म्हणजे अनंतराव. नाशकाकडचे, बांधकाम खात्यात कारकून, कागदाला कागद लावून ठेवणारे. त्यांची बायको सुमतीबाई पहिल्या दिवशी उंबऱ्यात पाय ठेवताच जी शिंकू लागली, ती पंधरा दिवस शिंकतच होती. मिरचीची धूळ भिंतीत मुरली होती. किसनाजीला फार लाज वाटली. त्यानं दोनदा सारवून घेतलं, चुना दिला, आणि दर फेरीला बाईसाठी पिशवीभर वांगी आणू लागला. बाईनं त्याला भरताची वेगळी रीत शिकवली, तो ती घरी जाऊन बायकोला सांगू लागला. मी तेव्हाच म्हणालो होतो, "किसनाजी, किराया घे आणि ये. ओट्यावर बसून चहा पिऊ नको. चहा पिणाऱ्याला नोटीस देता येत नाही."

"काऊन? मले कुठं नोटीस द्याची हाय?"

सुमतीबाईला भाऊ नव्हता. किसनाजीला बहीण नव्हती. दिवाळीत नेमका तो भाऊबीजेच्या दिवशी बाजाराला आला आणि बाईनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला तर खिसा रिकामा. पैसे घेऊन पुतण्या पुढं गेला होता. ताटासमोर माणूस ओशाळा झाला. म्हणाला, "बाई, तूच मांग. जे मांगशीन ते देतो."

बाई हसून म्हणाली, "दादा, मला कधी जागा सोडा म्हणू नका, एवढंच द्या."

"नाही म्हननार," किसनाजी म्हणाला. "माह्या तोंडून तुले ऊठ हा शब्द निंघनार नाही."

ही गोष्ट त्यानं मला दुसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकानं सांगितली. मी कपाळाला हात लावला.

पुढं तीन वर्षं सुखाची गेली. किसनाजीची थोरली मुलगी गोदावरी, सगळे तिला गोदी म्हणत, ती शिकली, तिनं मास्तरकीचं ट्रेनिंग केलं, आणि तिला बुलढाण्यातल्याच शाळेवर नेमणूक मिळाली. त्यांच्या घरातली पहिली नोकरी, आणि तीही मुलीची. जूनमध्ये हजर व्हायचं होतं, नाहीतर नेमणूक रद्द. आणि रद्द व्हायची वाट पाहत तिचा काका जालन्याकडचं एक स्थळ हातात धरून बसलेला.

किसनाजीनं बुलढाण्यात तिच्यासाठी खोली शोधायला सुरुवात केली. ज्या गावात त्याच्या स्वतःच्या नावावर चार खोल्या होत्या, त्या गावात त्याच्या मुलीला एक खोली मिळेना. एकटी पोरगी म्हटलं की लोक दार लोटून घ्यायचे. एकानं विचारलं, लग्न काऊन नाही झालं? दुसऱ्यानं विचारलं, घरात भांडन झालं का? महिनाभर हिंडून तो एप्रिलच्या उन्हात माझ्या पेटीजवळ येऊन बसला.

"नाना, कंपाउंडरले उठवता येत नाही, सात लेकरं घेऊन तो कुठं जाईन? हवालदारावर अर्ज कराची माही हिंमत नाही. राह्यलं कोपऱ्यातलं बिऱ्हाड."

"आणि तू बाईला शब्द दिलाय."

खाली पाहत तो म्हणाला, "म्या तोंडानं ऊठ म्हननार नाही म्हटलं होतं. तोंडानं मी म्हनतच नाही. तुमी कागद लिहा. सायब म्हनन, सरकार म्हनन. माह्या तोंडून शब्द कुठं निंघाला?"

मला त्या वेळी ही युक्ती फार हुशारीची वाटली, हे कबूल करतो. मी त्याला म्हणायला हवं होतं, की अरे, ऊठ आणि त्या बाईशी बोल. पण माझं पोट कागदावर. मी पेन दौतीत बुडवलं आणि 'मकानमालकाची स्वतःची व कुटुंबाची निकडीची गरज' असा झकास अर्ज लिहिला. कचेरीतल्या शिरस्तेदाराच्या मागं लागून तारीखही गोदीच्या हजर व्हायच्या आधीची लावून घेतली.

चार दिवसांनी त्याच झाडाखाली अनंतराव आले. हातात नोटिशीची प्रत, चेहरा उतरलेला. "नाना, हिला मी काही सांगितलेलं नाही. किसनाजींना ती भाऊ मानते. तिला कळलं तर ती जेवायची नाही. तुम्ही जबाब लिहून द्या, मी परस्पर सादर करतो."

गावात अर्जनवीस दोनच. दुसरा लेकीच्या लग्नाला खामगावला गेलेला. आणि खरं सांगायचं तर तो असता तरी मी हे काम सोडलं नसतं. सकाळी मकानमालकाचा अर्ज, दुपारी किरायेदाराचा जबाब, हे मी आधीही केलं होतं. एका हातानं प्रश्न आणि दुसऱ्या हातानं उत्तर, त्यात एक मजा असते. स्वतःचाच युक्तिवाद स्वतःच खोडायचा असतो ना.

पण या वेळी खोडायला काही सापडेना. गरज खरी होती. मुलगी खरी होती. मी पेन कानावर ठेवून बराच वेळ बसलो, आणि मग मला भाऊबीज आठवली. अनंतरावांना ते वचन ठाऊकही नव्हतं, त्या दिवशी ते शेजारी गंजिफा खेळत होते. मीच त्यांना सांगितलं. किसनाजीनं विश्वासानं मला सांगितलेली गोष्ट मी त्याच्याच विरुद्ध कागदावर उतरवली: 'अर्जदाराने भाऊबीजेच्या मंगल दिनी, ओवाळणीच्या ताटासमोर, सदर जागा कधीही रिकामी करण्यास सांगणार नाही असे वचन दिलेले आहे.' वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं. इतकं गोल अक्षर त्या वर्षी माझ्या हातून दुसरं आलं नाही. मी खूश होतो. आज त्या खुशीची मला लाज वाटते.

तारखेच्या दिवशी किसनाजी गोदीला बरोबर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी तिला शाळेवर हजर व्हायचं होतं, म्हणून पत्र्याची पेटी आणि वळकटीही आणली होती. बाप तिला काही सांगून आला नव्हता. ती माझ्या पेटीशेजारी बसली आणि आम्ही आत गेलो. अनंतराव आधीच उभे होते, किसनाजीकडं न पाहता.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. चष्मा वर केला, खाली केला. "वादी आणि प्रतिवादी यांचं अक्षर एकच कसं?" मग दोन्ही कागदांखाली माझी सही दिसली आणि त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"किसनाजी, जबाबात लिहिलंय ते खरं आहे का? असं वचन दिलं होतं?"

कोणताही शहाणा माणूस म्हणाला असता, आठवत नाही. मी त्याला डोळ्यानं खुणावलंही. किसनाजीनं माझ्याकडं पाहिलं. गोष्ट कुठून फुटली ते त्याला तिथंच कळलं. माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं.

"खरं हाय, सायब," तो म्हणाला. "बहिनीले म्हटलं होतं. अर्ज केला ते माह्यं चुकलं. काढून टाका."

"आणि मुलीची नोकरी?"

"तिच्या नशिबात असन तं पुन्हा लागन."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "लागेल कशी? उद्या शाळा आहे तिची."

सुमतीबाई दारात उभी होती, छत्री हातात, पदर घामानं भिजलेला. तारखेचा कागद आणि सोबत मी लिहिलेल्या जबाबाची प्रत शिपायानं घरी नेऊन दिली होती, आणि अनंतराव घरी नसल्यामुळं दोन्ही तिनंच वाचलं होतं. शिपाई अडवायला पुढं झाला, साहेबांनी हातानं थांबवलं.

ती आधी नवऱ्याकडं वळली. "माझी ओवाळणी कागदावर घालायला तुम्हाला कोणी सांगितलं? ती मला दिली होती, तुम्हाला नव्हती." अनंतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी कॅलेंडरकडं. मग ती किसनाजीपुढं उभी राहिली. "आणि दादा, तुम्ही? इतकी वर्षं वांगी आणून देता, ओट्यावर बसता, आणि पोरीला जागा हवी हे एकदा तोंडानं बोलला नाहीत?"

"तोंडानंच तं बोलनार नाही म्हटलं होतं, बाई," किसनाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि या वेळी मिरची नव्हती.

"जागा सोडा म्हणू नका म्हटलं होतं मी. पोरीला ठेवून घे म्हणायला मनाई केली होती का?" ती साहेबांकडं वळली. "साहेब, दोन खोल्या आहेत आमच्या. माणसं दोनच. ती राहील माझ्याकडं."

साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. "बाई, तुम्ही किरायेदार आहात. परवानगीशिवाय पोटकिरायेदार ठेवता येत नाही."

"भाची आत्याकडं राहायला आली, तर ती कोणत्या कलमात बसते साहेब?"

साहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले, की कायद्यात आत्यांसाठी कलम नाही. अर्ज मागं घेतल्याचं लिहून आणा. आणि माझ्याकडं बोट करून, "हेच लिहितील. दोन्हीकडचं."

बाहेर येऊन मी लिहायला बसलो. दोनच ओळी लिहायच्या होत्या. त्याआधी किसनाजीला म्हणालो, "माझं चुकलं." तो म्हणाला, "हाव नाना, चुकलंच," आणि माझ्याजवळची सुपारी घेऊन कातरू लागला. माफी म्हणजे काय असते, ते मला त्या दिवशी कळलं.

कागद झाला, अंगठा आणि सही झाली. सुमतीबाईनं तो उचलून वाचला. "नाना, तुमचं अक्षर फार देखणं आहे," ती म्हणाली. "जबाब वाचला तेव्हाही मी हेच म्हटलं." एवढंच बोलून तिनं तो नवऱ्याच्या हातात दिला.

मला काहीतरी भरून काढायचं होतं. मी गोदीला म्हटलं, "उद्याचा हजर झाल्याचा कागद आण इकडं. मी लिहून देतो, पैसे नको."

"नको नाना," ती म्हणाली. "माह्यं मले येते लिहिता. दौत तेवढी द्या."

मी दौत पुढं सरकवली. पेटीचं झाकण मांडीवर घेऊन ती लिहू लागली. अक्षर साधं, शाळेतल्या पाटीसारखं. नाव लिहिलं, शाळा लिहिली, हुद्दा लिहिला. राहण्याचा पत्ता या ओळीवर ती जराशी थांबली. त्या घराचा मालक तिचा बाप होता, किरायेदार अनंतराव होते, वाटप सरकारचं होतं, आणि कागदोपत्री ती त्या घरात कोणीच नव्हती. ही ओळ कशी लिहायची ते मला नेमकं ठाऊक होतं आणि मी बोट पुढं केलंही.

तिनं लिहिलं, 'आत्याच्या घरी, बुलढाणा.' मी बोट मागं घेतलं, आणि शाई वाळेपर्यंत कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर हात ठेवून बसलो.